प्रवेशपत्रावरचा कोरा चौकोन

टायपिंगमध्ये हयात घालवलेल्या मावशी साठीनंतर झेरॉक्सच्या दुकानात बसू लागल्या. एकदा एक नर्स धापा टाकत आली. तासाभरात तिची बढतीची परीक्षा होती. ब्राउझरमध्ये प्रवेशपत्र व्यवस्थित दिसत होतं, पण छापलं की फोटोची जागा कोरी.

"साइटच बिघडलीय, नाद सोडा," दुकानदार म्हणाला.

"स्क्रीनवर दिसतंय ना? मग कागदावर यायलाच पाहिजे," मावशी हटून बसल्या.

दुसरा ब्राउझर उघडला, तरी तेच. मग त्यांनी प्रिंटच्या सेटिंगमधली ओळ न् ओळ वाचून काढली. तळाशी 'पार्श्वभूमीची चित्रे' या ओळीपुढे खूणच नव्हती. साइटने फोटो पार्श्वभूमी म्हणूनच टाकला होता. खूण केली आणि फोटो छापून आला.

नर्स कागद घेऊन पळालीच. मावशींनी दुकानदाराला हाक मारली, "इकडे ये, शिकून घे."