नळ मी बसवला होता

बायकोलासुद्धा हे माहीत नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखता?

बारामतीतल्या एका दवाखान्याला मी ताप ओळखणारा कॅमेरा विकला. माणसाला हात लावायचा नाही. तो दारातून येता येता पडद्यावर आकडा — ताप असला तर लाल, नसला तर हिरवा. मी भंगार गोळा करून वर आलेला. तिथले मोठे डॉक्टर चारचौघांत म्हणाले होते, "तुमच्याकडचं म्हणजे भंगारच निघायचं." ते अजून सलतं. मला नुसतं मशीन विकायचं नव्हतं, त्यांचं तोंड बंद करायचं होतं.

आणि पहिल्याच दिवशी मशीन बोंबलायला लागलं. मे महिना. निरवांगीहून, वडगावाहून माणसं मोटारसायकलवर आलेली, कपाळं उन्हानं तापलेली — ज्याला त्याला ताप. खरा उपाय साधा: थोडा वेळ सावलीत बसवा, मग तपासा. पण थांबणार कोण? मी दाराआधी नळ बसवला. आपल्याकडं डॉक्टरसमोर जाण्याआधी पाणी दिसलं की माणूस तोंड धुतोच. धुतलं, गमज्यानं पुसलं, कॅमेऱ्यासमोर. हिरवा. हिरवा. पुन्हा हिरवा. काय सांगू, अंगात वारं भरलं होतं माझ्या. डॉक्टरांनी स्वतः येऊन पाठ थोपटली.

दारावरच्या सिस्टर शोभाताईंनी विचारलंच, "भाऊ, गार पाण्यानं तोंड धुतल्यावर आकडा खरा येतो व्हय?"

येत नाही. मला ठाऊक होतं.

"ताई, तुमी इंजेक्शनं टोचा. मशीन मला शिकवू नका."

मग एक आबा हिरवे होऊन आत गेले, ऑपरेशन झालेल्या बहिणीला भेटायला. दुसऱ्या दिवशी तापानं फणफणून तेच भरती झाले. चार दिवसांत बहिणीच्या वॉर्डातल्या तिघी तापल्या. एकीचे टाके पुन्हा उघडावे लागले.

चौकशी बसली. शोभाताई म्हणाल्या, "मी ह्यांना विचारलं होतं." सगळे माझ्याकडं वळले. तेव्हा खरं बोलता आलं असतं ना? आणि मी —

"मला कुणी काही विचारलं न्हाय," मी म्हणालो. "मशीन बरोबर हाय. ताईंचंच लक्ष नसंल."

शोभाताईंना काढलं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी इंदापूरच्या शाखेसाठी दुसरा कॅमेरा मागवला, घासाघीस न करता. मी हवेत होतो — खोटं कशाला बोलू? दवाखानाभर पेढे वाटले. शोभाताईंच्या जागी आलेल्या नव्या सिस्टरला दोन जास्त दिले, तिनं मशीनबद्दल काही विचारायच्या आत.