विचारा, दरडावा, थोबाडीत द्या

माझा मामा सिनेमात दार उघडायचा. उभ्या जन्मात त्यानं पडद्यावर दुसरं फारसं काही केलं नाही. नायक तावातावानं येऊन बेल वाजवणार, मामा दार उघडून "साहेब घरात नाहीत" म्हणणार आणि नायक त्याला बाजूला ढकलून आत जाणार. धंद्यात त्याचं नावच 'घरातनाहीत' पडलं होतं. "त्या घरातनाहीतला बोलवा" असा निरोप आला की मामा इस्त्रीचा शर्ट चढवून निघायचा. आम्हाला वाईट वाटलं तर तोच हसायचा. म्हणायचा, दार कुणीतरी उघडायला नको का?

मला त्या धंद्याचा तेव्हाही तिटकारा होता. आता किळस येते.

मध्यंतरी त्याला एका कॉम्प्युटर गेमचं काम आलं. चित्रांचा गेम नव्हे, खरे नट घेऊन सिनेमासारखा चित्रित केलेला. एका श्रीमंत माणसाचा त्याच्याच घरात खून होतो आणि खेळणारा असतो इन्स्पेक्टर. भाऊ, डॉक्टर, दुसरी बायको, म्हातारा नोकर, एकेक जण समोरच्या खुर्चीत येऊन बसतो आणि खाली तीन बटणं उमटतात: विचारा, दरडावा, थोबाडीत द्या. जे दाबाल तशी गोष्ट पुढे सरकते. बायको झालेली नटी नावाजलेली होती. थोबाडीत खाणं तिच्या करारात बसत नव्हतं, म्हणून तिच्यापुढे दोनच बटणं. नोकर अर्थातच मामा. त्याच्या करारात काय बसत नव्हतं?

कॅमेरा तोंडाशी असल्यामुळे खोटी थोबाडीत लगेच कळते, असं दिग्दर्शकाचं म्हणणं पडलं. मग एक धट्टाकट्टा माणूस पोलिसाची बाही चढवून कॅमेऱ्यामागे उभा राहिला आणि मामाला खरीखुरी हाणत राहिला. संध्याकाळी मामा घरी आला तो गाल सुजवून. मामी बर्फ लावता लावता दिग्दर्शकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि हा गडी खुशीत! कारण त्याला आयुष्यात पहिल्यांदा एक आख्खा प्रसंग मिळाला होता.

तो प्रसंग असा. एकदाही हात न उचलता, न दरडावता, शेवटपर्यंत नुसतं 'विचारा' दाबत गेलं, तर म्हातारा नोकर बोलू लागतो. "साहेब, या घरात मला आजवर कुणी काही विचारलं नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो." इथून सुरुवात. मग मालकाला लहानपणी त्यानं पोहायला कसं शिकवलं, पाण्यात घाबरला की पोर त्याची मान कशी घट्ट धरायचं, इथपासून त्या संध्याकाळी त्यानं डोळ्यांनी काय पाहिलं, इथपर्यंत. खरा खुनी याच वाटेनं सापडायचा. मार खाल्ला तर म्हातारा घाबरून गुन्हा स्वतःवर घ्यायचा, आणि खेळ तिथंच आटपायचा.

मामानं घरी त्याची इतकी घोकंपट्टी केली की मामी भांडी घासताना पुढची वाक्यं पुरवायची. चित्रीकरण एका दमात झालं. ती नावाजलेली नटी डोळे पुसत उठून आली आणि त्याच्या पाया पडली, असं तो सांगायचा. थोडं मीठमसाला लावत असेल. पण काम उत्तम झालं असणार यात मला शंका नाही, कारण त्याच्या आवाजातला तो कंप मी त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकला होता.

गेम बाजारात आला तेव्हा मामाचा जावई लॅपटॉप घेऊन आला, त्यानं तो टीव्हीला जोडला आणि आम्ही सगळे कोंडाळं करून बसलो. जावयाचा स्वभाव म्हणजे पी हळद नि हो गोरी. नोकर खुर्चीत बसतो न बसतो तोच त्यानं तिसरं बटण दाबलं. पडद्यावरचा मामा कलंडला. खोलीत हशा पिकला. जावयानं पुन्हा दाबलं. आमच्यात बसलेला मामा बिचारा खुर्चीच्या कडेला सरकून म्हणाला, "एकदा सरळ विचारून बघा ना." जावई म्हणाला, "बाबा, तसं खेळलं तर झोप येईल." सासऱ्याच्या घरात, सासऱ्याचा चहा पीत, सासऱ्याच्या थोबाडीत! मला शिसारी आली. पोटच्या पोरीनंही नवऱ्याला अडवलं नाही. तीही हसत होती.

मग बाहेर सुरू झालं. दुकानात, बसथांब्यावर लोक मामाला ओळखायला लागले. हात उगारून त्याच्याबरोबर फोटो काढायचे. पहिल्यांदा तो गोरामोरा झाला, नंतर स्वतःच गाल पुढे करून घाबरल्याचा चेहरा करू लागला. मी भांडले त्याच्याशी. तो म्हणाला, "अगं, ओळखतात तरी." त्या दिवशी मला लोकांइतकाच त्याचाही राग आला. पण प्रत्येक फोटोनंतर तो त्या माणसाला हळूच विचारायचा, तुम्ही नुसतं विचारून पाहिलंत का कधी? कुणीच पाहिलं नव्हतं.

शेवटी म्हटलं, मीच बघते. नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेम घेतला आणि एका रविवारी दुपारी मामालाच घरी बोलावलं. मामी सोबत आली. मामानं दाढी केली होती, जणू पहिल्या खेळाचं आमंत्रण होतं.

मी विचारत गेले. पडद्यावरचा म्हातारा उत्तर द्यायचा, मग मी पुढचं बटण दाबेपर्यंत नुसता बसून राहायचा. पापण्या लववायचा, गुडघे चोळायचा, वर बघायचा. हे गप्प बसणंही तासन् तास चित्रित केलं होतं, मामा म्हणाला. "आता येईल," तो दर प्रश्नाला म्हणत होता.

शेवटचा प्रश्न झाला. म्हाताऱ्यानं वर बघितलं. आणि पडद्यावर अक्षरं आली: हा संशयित असा बोलणार नाही. कडक व्हा. पहिली दोन बटणं गेली. तिसरं तेवढं राहिलं.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. जावयाला फोन लावला. त्यानं अगदी मजेत सांगितलं की कंपनीनं नवी आवृत्ती काढली, कुणीच बघत नव्हतं ते भाग काढून टाकले, त्यानं गेम हलका झाला. जुनी आता कुठं मिळायची नाही. मी म्हटलं, "म्हणजे तू आणला होतास तेव्हा होता तो प्रसंग?"

"होता ना. एवढं काय त्यात? बाकी बाबा आहेतच की."

फोनचा आवाज मोठा होता. मामानं सगळं ऐकलं. मामी पदरानं उगाच टेबल पुसत राहिली. पडद्यावरचा म्हातारा गुडघे चोळत आमच्याकडे बघत होता.

"मग दाब ते," मामा म्हणाला. "पुढे कुठंतरी ठेवला असेल."

"मी नाही दाबणार."

त्यानं माऊस माझ्या हातातून घेतला. जन्मात माऊस धरला नव्हता, बाण नीट जागेवर न्यायला त्याला वेळ लागला. मग त्यानं दाबलं. म्हातारा कलंडला, उठला, हात जोडून म्हणाला की मारू नका साहेब, मीच केलं. खेळ संपला. मामानं मला तो पुन्हा तिथंच आणून द्यायला लावला आणि पुन्हा दाबलं. आता तो पुढचं काही शोधत नव्हता. मान तिरकी करून, डोळे बारीक करून तो म्हाताऱ्याच्या गालाकडेच बघत होता.

"मान जरा आधी वळतेय बघ," तो म्हणाला. "हात लागायच्या आधीच. कळतंय ते."

"पुरे करा हो," मामी म्हणाली.

"दुसरा भाग काढतायत ते. बोलावलंय मला," मामा म्हणाला आणि त्यानं पुन्हा बटण दाबलं. "तेव्हा नीट खातो."