वाढ्याचा रकाना

जानेवारीत न्हावऱ्याच्या एका बाईंनी मला भरलेला फॉर्म खोडायला लावला. शिरूर आणि दौंड तालुक्यांत ऊसतोडणीची यंत्रं आल्यावर कुणाच्या कामावर काय परिणाम झाला, याची पाहणी मी काही संशोधकांसाठी घरोघरी फिरून करत होतो. नाव विचारायचं नाही असा नियम होता, त्यामुळे त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

त्या गोठ्यात शेण भरत होत्या. ऊसतोडीला जात नाहीत, घरी दूधधंदा आहे, एवढं ऐकून मी 'परिणाम नाही' या चौकटीत खूण केली.

"काय लिवलं, सर?"

मी वाचून दाखवलं. शेणाचे हात मागे धरून त्या फॉर्मवर वाकल्या.

"परिणाम न्हाई? तोडकरी हुते तवा उसाच्या शेंड्याचं वाढं मिळायचं. हंगामभर गाई त्याच्यावरच. मशीन समदं बारीक करून रानात टाकतंय. चाऱ्यापायी एक गाय इकली. तुमच्या कागदाला गाय दिसत न्हाई व्हय?"

दावणीचा दुसरा खुंटा मोकळा होता. फॉर्ममध्ये वाढ्याचा रकाना नव्हता. मी खूण खोडून त्यांचं बोलणं समासात लिहून घेतलं.

"आता कसं!" म्हणत त्यांनी पाटी उचलली.

ते पान संशोधकांनी वाचलं आणि 'परिणाम नाही' लिहिलेल्या सगळ्या घरी आम्ही पाहणी करणारे नवा फॉर्म घेऊन पुन्हा गेलो. आभार मानायचे होते म्हणून मी आधी त्या बाईंकडे गेलो. नव्या फॉर्मवर चाऱ्याचा प्रश्न सहावा होता. तो त्यांनी दोनदा वाचायला लावला, मग चहा ठेवला. दुसरा खुंटा तेव्हाही मोकळाच होता.