आम्ही साऱ्या सुमन

सुमनताई मंडईत स्वतः कधी भाव करत नसत. निवृत्त मुख्याध्यापिकेच्या इभ्रतीत ते बसत नव्हतं. माझ्या मागे पिशवी धरून उभ्या राहायच्या आणि हळूच म्हणायच्या, "अहो सुमनबाई, महागच सांगतेय हो ही." मग मी तोंड सोडायची. भाव उतरला की त्या भाजीवालीकडे बघून गोड हसायच्या. मंडईत मी भांडखोर ठरले, त्या देवमाणूस.

माझंही नाव सुमनच. एका स्टोव्हवर पोळ्या करून विकायला लागले. आज नारायण पेठेत माझं पोळीभाजी केंद्र आहे, हाताखाली बायका आहेत. सगळं भांडून मिळवलेलं. ताई कोथरूडहून बसने यायच्या, केंद्रात चहा घ्यायच्या. माझ्या मुलीला दहावीचं गणित त्यांनीच शिकवलं. फी विचारली तर रागावल्या. "तुम्ही शिकला असतात ना, तर राज्य चालवलं असतं," असं म्हणायच्या, आणि भल्याभल्यांना ओळखून असलेली मी त्यावर फुलून जायची.

गेल्या वर्षी त्यांच्या महिला मंडळाने कर्तबगार सुमन शोधून त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. एक डॉक्टर, एक न्यायाधीश, एक सतार वाजवणाऱ्या. नावं ताईच ठरवत होत्या. "आपल्या नावाच्या बायकांनी काय काय केलंय बघा," म्हणाल्या. त्यातलं 'आपल्या' मी धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता पैठणी घेतली.

कार्यक्रमाच्या आधी त्यांचा फोन आला. जेवणाचं काम मलाच द्यायचं ठरलं होतं. घरचंच समजून जरा कमी लावा, असंही म्हणाल्या. स्टेजवर कोण बसणार, ते मी विचारलं नाही. हो म्हटलं.

हॉलवर मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी सांगून टाकलं: माझं नाव त्यांनी सुचवलं होतं, ताईंनीच काढायला लावलं. बाईचं तोंड फार चालतं, म्हणाल्या होत्या.

मी ताईंना स्वयंपाकघरात गाठलं.

"स्टेजवर तुम्ही काही बोलून बसला असता तर?" पदर सारखा करत त्या म्हणाल्या. "मोठी माणसं आलीत हो."

"चार वाक्यं पाठ करून आले होते," मी म्हटलं. "चारही तुमच्याबद्दल."

त्यांनी हॉलकडे एक नजर टाकली. मग म्हणाल्या, "पानं घ्यायची ना वाढायला?"

काम घेतलं होतं, म्हणून पानं वाढली. सगळ्या सत्कारमूर्ती एका ओळीत बसल्या होत्या, ताई त्यांच्या मध्ये. डॉक्टरीणबाईंनी आमटी पुन्हा मागितली, फार छान झालीय म्हणाल्या, आणि माझं नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "या आमच्या पोळीभाजीवाल्या."

मी आमटीचं भांडं खाली ठेवलं आणि माझं नाव सांगितलं. मोठ्याने, शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल असं. ओळीतल्या साऱ्या सुमन हात थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. ताई तेवढ्या भात कालवत राहिल्या.

त्यानंतर आम्ही बोललो नाही.