थांबलेल्या जिन्यावरचा बस्ता

सावेडीतला तो मॉल नवा होता, तेव्हा राहुरीकडची मंडळी टेम्पो करून नुसता सरकता जिना बघायला यायची. माझं साड्यांचं दुकान पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या अगदी तोंडाशी. घाबरत वर पोचलेला माणूस दम खायला माझ्याकडेच टेकायचा, आणि एकदा टेकला की साडी घेतल्याशिवाय मी काही त्याला सोडत नसे.

मॉलवाल्यांची गादी घालायला मनाई होती. पण लग्नाचा बस्ता, दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र बसून करायची ती कपड्यांची खरेदी, हँगरसमोर उभ्यानं कशी व्हायची? मी बेधडक बाहेरच्या चकचकीत फरशीवर गाद्या अंथरायचो.

पुढं एकेक शटर पडत गेलं. फूड कोर्ट गेलं, जिना थांबला. मला मात्र ती सामसूम आवडू लागली होती. दुपारी काचेच्या छतातून ऊन उतरायचं, फरशी तळ्यासारखी हलल्यागत दिसायची, आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या माझा डोळा लागायचा.

शेवटी दुकान बंद करायचं ठरलं, आणि त्याच सुमारास मुलीचं लग्नही ठरलं. "बस्ता आपल्याच दुकानात," ती हटून बसली. मुलाकडचे अकोले तालुक्यातले, डोंगरातल्या गावचे. माझा बसलेला धंदा बघून ही माणसं उद्या माझ्या लेकीला टोमणे मारतील, याचीच धास्ती. बाजारात करू म्हणून विनवलं. ऐकेल तर माझी मुलगी कसली!

मंडळी जीपनं आली. बंद जिना पायांनी चढून वर आली. मुलाच्या आईनं चप्पल काढली, गादीवर मांडी घातली आणि चौफेर बंद शटरांकडं पाहिलं. मी उगाच एका साडीची घडी पुन्हा घालू लागलो.

"लई निवांत हाय," ती म्हणाली. "दुसरीकडं नुसतं आवरा आवरा करत्यात."

मग मी साड्या उलगडत गेलो. मोकळा मजला रंगांनी भरला, उन्हात जरीचे काठ लकाकत राहिले. दुपार सरली की थांबली, कळेना. माझी मुलगी होणाऱ्या सासूशेजारी कधी सरकून बसली, तेही कळलं नाही.

बस्ता बांधून झाला. मी सवयीनं हात जोडले. "पुन्हा या."

म्हटलं आणि जीभ चावली. उद्यापासून दुकानच नव्हतं.

"येऊ की, पाव्हनं," मुलाची आई हसली. "दुकान न्हाई तर घरी येऊ. लेक दिलीया तुमी आमाला, आता कुठं सुटताय?"

शटर ओढायला म्हणून मी पाठ फिरवली. पोरगी सुखात राहील एवढं मनात आलं, आणि रडू फुटलं.