पुलापलीकडचं जेवण

आमच्या मावससासूबाईंना 'नाही' म्हणणारा माणूस या पृथ्वीवर अनेकदा जन्माला आला, पण आपल्या 'नाही'वर टिकून राहिलेला एकही मला अजून भेटलेला नाही. कराडच्या मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर बाकीच्या शिक्षिका काशीला गेल्या, या स्टुटगार्टला आमच्याकडे आल्या. व्हिसाच्या मुलाखतीत मुंबईच्या साहेबानं विचारलं, "जर्मनीला कशासाठी जाताय?" तर म्हणाल्या, "पोरींना इतकी वर्षं जे सांगितलं ते खरं आहे का, बघून यायला." त्यानं विचारलं, "पण परत याल ना?" यावर मावशींनी चष्मा खाली ओढून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तिथं कृष्णा आहे का? कोयना आहे का? मग राहून काय करू?" व्हिसा मिळाला. तो साहेब त्यांचा विद्यार्थी नसूनही त्या खोलीत उभा राहिला असावा, असा माझा अंदाज आहे.

स्टुटगार्टात पाऊल ठेवल्याबरोबर त्यांनी नेकार नदी बघायला मागितली. नदी दिसली की हात जोडायचे, ही त्यांची जुनी सवय. नेकारपुढे त्यांनी हात अर्धे उचलले, दोन्ही काठांचं सिमेंट बघितलं आणि हात खाली घेतले. "जावईबापू, ही नदी नव्हे. हिला शिस्त लावलीय." तिथून पुढे त्यांचं आणि जर्मन शिस्तीचं जे जुंपलं ते तीन महिने मिटलं नाही. आमच्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाला आळीपाळीनं जिना झाडायची पाळी येते, तिला तिकडे 'केरवोखं' म्हणतात. हा शब्द ऐकून मावशींना भरून आलं. "केर! अहो, शब्द आपलाच आहे की!" असं म्हणून त्यांनी जिना झाडला, पुसला आणि प्रत्येक मजल्यावर रांगोळी काढली. घरमालकानं ती पांढरी पावडर बघून मला फोन केला. मी खाली जाऊन बराच वेळ समजावत होतो, तेवढ्यात मावशी आल्या, त्याच्या हातात रांगोळीचा डबा दिला आणि त्याच्याकडून त्याच्या दाराशी एक वाकडंतिकडं कमळ काढून घेतलं. रविवारी दुपारी दाण्याचं कूट कुटत होत्या, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई शांततेचा नियम सांगायला वर आल्या. मावशींनी सगळं ऐकलं, "गेनाऊ, गेनाऊ" म्हणत मान डोलावली आणि खलबत्ता उचलून त्यांच्या मागोमाग त्यांच्याच स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. आता आवाज खालून वर येत होता, म्हणजे तक्रार करायचा हक्क आमचा. त्या बाई पुढे दर रविवारी चटणीसाठी वाटी घेऊन यायला लागल्या. 'गेनाऊ' म्हणजे 'अगदी बरोबर'. मावशींना जर्मन येत होतं ते एवढंच, आणि ते त्या समोरच्याला गप्प करण्यासाठी वापरत.

त्यांना ना राजवाडे बघायचे होते, ना मोटारींचं संग्रहालय. त्यांना ग्योर्लिट्सला जायचं होतं. माझ्या ऑफिसातल्या निम्म्या जर्मनांना हे गाव नकाशावर दाखवता आलं नसतं. देशाच्या पूर्वेच्या अगदी टोकाला, नाइसे नदीच्या काठावर ते आहे. महायुद्ध संपलं तेव्हा नदीलाच सीमा करून टाकली आणि एका गावाची दोन गावं झाली: अलीकडे जर्मनीचं ग्योर्लिट्स, पलीकडे पोलंडचं झगोझेलेत्स. मावशींचं काम त्या गावातल्या एका दगडाशी होतं. पंधरा अंश पूर्व रेखावृत्त या गावातून जातं आणि अर्ध्या युरोपची घड्याळं त्यावर चालतात. "मी हे फळ्यावर किती वेळा काढलं असेल! आता त्यावर उभी राहणार."

हिला सुट्टी नव्हती, म्हणून मी एकटाच त्यांना घेऊन निघालो. दोन हजार सहाचा उन्हाळा होता. पोलंड युरोपीय संघात आला होता, पण पासपोर्ट तपासणी अजून उठली नव्हती. जर्मन आणि पोलिश माणसं ओळखपत्र दाखवून ये-जा करत. आमच्यासारख्यांना मात्र पोलंडचा वेगळा व्हिसा लागे. शिवाय मावशींचा जर्मन व्हिसा एकदाच आत येण्याचा. बाहेर पडल्या की परतीची वाट बंद. हे सगळं मी गाडीत त्यांना तीनदा समजावलं. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "गेनाऊ." तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

दगडाचा कार्यक्रम छान झाला. बागेत एक दगडी गोल आहे, त्यावर रेघ आहे. मावशी एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला ठेवून उभ्या राहिल्या, मला फोटो काढायला लावला, रेघेवर हात फिरवला. "ही इथून उत्तरेला निघते ती थेट पोलंडात जाते. हिला कोणी व्हिसा विचारतं का?" मी म्हटलं, "चला मावशी, केक खाऊ." पण त्यांना नदी बघायची होती. काठावर आल्यावर त्यांनी नाइसेला पूर्ण, मनापासून हात जोडले. ही नदी त्यांना पसंत पडली होती. काठाला झाडं होती, बदकं होती आणि रुंदी एवढीच की पलीकडच्या बाकावर बसलेल्या म्हातारीच्या रुमालावरची फुलंसुद्धा दिसत होती.

मावशींनी हात हलवला. "अहो बाई! बऱ्या आहात ना?" अशी अस्सल कराडी हाक त्यांनी दुसऱ्या देशात फेकली. बाई दचकल्या, हसल्या आणि तोंडाशी हात धरून ओरडल्या, "जेन दोब्री!"

मावशी माझ्याकडे वळल्या. चेहरा उजळला होता. "ऐकलंत? जेवण दुपारी! जेवायला बोलावताहेत."

"अहो मावशी, ते पोलिश आहे. नमस्कार म्हणाल्या त्या."

"नमस्कार हातानं करतात. तोंडानं बोलावतात." आणि पदर खोचून त्या पुलाकडे चालायला लागल्या. मी मागून "मावशी, व्हिसा! मावशी, अहो!" करत धावत होतो. तो पूल फक्त पायी जाणाऱ्यांसाठीचा, नवाकोरा. पलीकडच्या टोकाला तपासणीची चौकी होती, तिथे एक मिशीवाला जर्मन आणि एक पोलिश बाई शेजारी शेजारी बसत. मिशीवाल्यानं आमचे पासपोर्ट उलटसुलट बघितले आणि शांतपणे सांगितलं, "मी यांना बाहेर सोडू शकतो. पण माझी सहकारी यांना आत घेणार नाही, आणि नंतर मलाही यांना परत घेता येणार नाही. मग यांना पुलावरच राहावं लागेल."

मी भाषांतर केलं. मावशींनी पूल डावीकडे उजवीकडे न्याहाळला. "हवेशीर आहे," त्या म्हणाल्या. "पण विचारा त्यांना, जेवायला बोलावलेल्या माणसानं यायचं नाही, असं नेमकं कुठल्या सरकारनं ठरवलं?"

मी हे काय भाषांतर करणार! माझ्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं. पुलावरच्या गोंधळात माझं नाव कुठे नोंदलं गेलं तर काय? मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये एवढंच म्हटलं, की यांचा थोडा गैरसमज झाला आहे. मावशींना माझ्या आवाजावरूनच कळलं. "तुम्ही माफी मागताय," त्या म्हणाल्या. "मागू नका. आपण काही चोरलेलं नाही." आणि त्या तिथून मागे वळून बरोबर पुलाच्या मध्यावर गेल्या आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. "इथवर यायला कोणाची ना नाही ना? मग मी इथं आहे."

एवढ्यात पलीकडच्या बाई स्वतःच चौकीत ओळखपत्र दाखवून पुलावर आल्या. त्यांचं नाव हालिना. सीमेवर आयुष्य गेल्यामुळे त्यांना जर्मन छान येत होतं. मी त्यांना जेवणाचा घोटाळा सांगितला तेव्हा त्या एवढ्या हसल्या की मावशींचाच हात धरून उभं राहावं लागलं. मग अचानक गंभीर झाल्या. "पण त्यांना तसं वाटलं असेल, तर मी बोलावलंच," म्हणाल्या आणि तरातरा घरी परत गेल्या. आल्या त्या झाकण लावलेलं पातेलं घेऊन. आत बटाटा आणि चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्या होत्या, पोलिश लोक त्यांना पिएरोगी म्हणतात. मावशींनी पिशवीतून दाण्याची चटणी काढली आणि पुलावर पंचा पसरायला घेतला. मिशीवाला लांबूनच ओरडला, की पुलावर बसता येणार नाही.

"बसायचं नाही? उभ्यानं जेवू," मावशी म्हणाल्या.

आणि आम्ही जेवलो. खाली नदी, एका बाजूला चर्चचे दोन उंच मनोरे, मधोमध या दोघी. एक मराठीत बोलत होती, दुसरी पोलिशमध्ये, आणि भाषांतरासाठी मला कोणी विचारत नव्हतं. शेवटी मावशींनी दोन पिएरोग्यांवर चटणी घालून त्या चौकीत नेऊन दिल्या. मिशीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिखटामुळे, पण मावशी ते पश्चात्तापाचं समजल्या. निघताना हालिनाबाईंनी नदीपलीकडचं आपलं घर बोटानं दाखवलं. मावशींनी ते नीट बघून घेतलं. "मी तिथं बसून जेवणार आहे. सांगा त्यांना. उंबऱ्यातून आत येऊन."

पुढच्या वर्षी नाताळच्या सुमाराला तपासणी खरंच उठली. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा मी कराडला फोन केला. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "उशीरच केला त्यांनी," म्हणाल्या आणि लगेच तिकिटाचं विचारायला लागल्या.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्या पुलावर उभे होतो. मावशींचा एक गुडघा आता कुरकुरत होता, हातात काठी आली होती. नवी नारायणपेठ नेसून, पासपोर्ट उजव्या हातात धरून त्या युद्धाला निघाल्यासारख्या चालत होत्या. चौकी रिकामी होती. काचेआड धूळ साचलेली, खुर्ची उलटी ठेवलेली. लोक सायकलवरून, आइस्क्रीम चाटत, कुत्री घेऊन आरपार जात होते. मावशींनी काचेवर टकटक केली. "कोणी आहे का?"

"मावशी, आता कोणी नसतं. चला."

"असं कसं? एवढ्या लांबून पासपोर्ट घेऊन आले, आणि बघायला कोणी नाही?" त्या तिथून हलेनात. जिंकलेल्या माणसापुढे शत्रूच नसला तर त्यानं करायचं काय! मी मागे खूप विनवण्या करत होतो, तेवढ्यात हालिनाबाई आम्हाला घ्यायला आल्या. काय चाललंय ते विचारलं. मग त्यांनी रुमाल नीट केला, चौकीच्या दाराशी ताठ उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. मावशींनी पासपोर्ट दिला. हालिनाबाईंनी एकेक पान उलटलं, फोटोकडे आणि चेहऱ्याकडे आळीपाळीनं निरखून पाहिलं, पासपोर्ट मिटून परत केला आणि खाडकन सलाम ठोकला. मावशी मान उंच करून पोलंडात शिरल्या.

जेवण दुपारीच झालं. बीटचं सूप, पुन्हा पिएरोगी, मावशींनी आणलेल्या पुरणपोळ्या. नंतर मावशींनी सीमा उठल्याबद्दल हालिनाबाईंचं अभिनंदन केलं. हालिनाबाई खिडकीशी गेल्या. त्या मूळच्या या गावच्या नव्हेतच, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांचं गाव पूर्वेला, बुग नदीच्या पलीकडे. युद्धानंतर सीमा हलली, गाव दुसऱ्या देशात गेलं आणि यांच्या घरच्यांना सामानासकट इकडे आणून सोडलं. धाकटी बहीण तेव्हा तापानं फणफणली होती, म्हणून तिला आजीजवळ ठेवलं. ती तिथेच राहिली. आता ते गाव युक्रेनमध्ये आहे. म्हातारपणी बहीण दर उन्हाळ्यात यायची, मागच्या खोलीत महिनाभर राहायची.

"यंदा आल्या नाहीत?" मी विचारलं.

"इथली तपासणी उठली ना, तेव्हा ती तिकडे, बुगवर कडक झाली. आता तिला शहरात जाऊन व्हिसासाठी रांगेत उभं राहावं लागतं. तिचे पाय सुजतात. आणि माझ्यानं एवढा प्रवास होत नाही." हालिनाबाईंनी पडदा सारखा केला. "सीमा काही नाहीशी झाली नाही हो. तिनं फक्त बिऱ्हाड हलवलं."

मी मावशींना हे सांगितलं. मला वाटलं, आता काठी आपटतील, चला म्हणतील, कुठे आहे ती बुग, बघते कोण अडवतं. त्यांनी काठी उचललीही. पण मग ती टेकत त्या उठून हालिनाबाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दोघी बाहेर बघत होत्या. त्या खिडकीतून पश्चिमेचं ग्योर्लिट्सच दिसतं, पूर्व दिसत नाही.

परतीच्या गाडीत त्यांनी एकाही नदीला हात जोडले नाहीत. ड्रेस्डेन आलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मी पोरींना सीमा शिकवताना कंसात वर्ष लिहायला लावायचे. अमुक साली आखली. बस. पलीकडे कोण राहिलं, हे कधी विचारलंच नाही."

आता त्यांचे गुडघे विमानात बसू देत नाहीत, पण दिवाळीला, पाडव्याला, मध्येच एखाद्या मंगळवारी त्यांचा फोन येतो. हिची चौकशी नाही, माझी नाही. पहिला प्रश्न असतो, "त्यांची बहीण आली का?" त्यांच्या हुकमावरून मी अधूनमधून हालिनाबाईंना फोन करतो, म्हणून उत्तर मला ठाऊक असतं. मी सांगतो, "अजून नाही, मावशी."

पूर्वी त्या अशा वेळी कोणाला तरी फैलावर घ्यायच्या. आता त्यांचा आवाज मऊ होतो, एखादी पोर उत्तर चुकल्यावर व्हायचा तसा. "बरं," त्या म्हणतात, "खोली झाडून ठेवायला सांगा त्यांना."