व्याह्यांचा फ्लेक्स

निवडणूक संपली की पोस्टरं उतरतात, किस्से मात्र आमच्या कचेरीत साठतच जातात. भिंतीवरचा गोंद परवडला, खरवडला की निघतो तरी.

मी कुंभकोणमच्या तालुका कचेरीत क्लार्क. दर निवडणुकीला आमचं भरारी पथक ठरलेलं: साहेब सुंदरराव, शिडीवर मुरुगेसन आणि व्हिडिओ काढायला मी.

या वेळी सुंदररावांच्या जिवाला घोर होता. त्यांच्या मुलीचं, जानकीचं लग्न नेमकं आचारसंहितेत आलेलं. व्याही तिरुविसनल्लूरचे, आमच्यासारखेच पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी, पण पक्षाचे इतके वेडे की घरात मांजर व्यायली तरी नेत्याच्या फोटोसकट फ्लेक्स लावतील.

"लग्नात लावला तर काय कराल, सार?" मुरुगेसन विचारायचा.

"उतरवीन."

"आणि लग्न मोडलं तर?"

यावर सुंदरराव फाईल उघडून बसायचे.

*

तिरुवलंचुळीच्या एका आजीबाईंचा फोन आला. न विचारता भिंतीवर उमेदवाराचं नाव रंगवलंय म्हणे. आम्ही जाऊन पांढरा चुना फासून आलो. आठ दिवसांनी परत फोन. आता दुसरा पक्ष, दुसरी भिंत. परत चुना. तिसऱ्या वेळी मुरुगेसन वैतागला. "पाट्टी, अहो आजी, सगळ्यांना तुमचंच घर कसं सापडतं?"

"मीच बोलावते की त्यांना," आजीबाई म्हणाल्या. "मागची भिंत राहिलीये अजून. आणखी कुठला पक्ष आहे का रे?"

*

इन्नंबूरला एक म्हातारे गृहस्थ वारले. आमच्याकडे श्रद्धांजलीची पोस्टरं गावभर लागतात. उमेदवारानं लगेच लावली. त्यात स्वतः हात जोडून मधोमध, म्हातारे कोपऱ्यात तिकिटाएवढे. दुसऱ्या दिवशी सकाळी उमेदवाराचाच फोन.

"सार, आधी माझी पोस्टरं काढा. पहाटेपासून तिघंजण हार घेऊन घरी येऊन गेले. बायको रडतेय."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी आम्हाला चहा पाजून पोस्टर काढायला लावलं.

*

निरीक्षक साहेब महाराष्ट्रातून आले होते. सुंदरराव आनंदानं आपल्या घरच्या मराठीत बोलायला लागले. साहेब थक्क. "अहो, तुमची भाषा तर तीनशे वर्षांपूर्वीची वाटते!"

"भाषा जुनी असेल, सार. पोस्टरांची यादी आजचीच आहे. सही करा."

*

आणि मग लग्नाचा दिवस उजाडला. मी आणि मुरुगेसन आहेर घेऊन गेलो, तर हॉलच्या दारात वीस फुटी फ्लेक्स. नेते छातीपर्यंत, नवरा-नवरी खाली पासपोर्ट साईझ. व्याही शेजारी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला फोटो काढायला लावत होते.

सुंदरराव जरीच्या धोतरात बाहेर आले, वर बघितलं आणि म्हणाले, "मुरुगेसन, शिडी."

"अहो, आज रजेवर आहात तुम्ही," मी म्हटलं.

"डोळे रजेवर नाहीत. बघितलं की काढावंच लागतं."

व्याह्यांनी आवाज चढवला. "शिडी लागली तर आमची माणसं उठतील. मुलगा पण." मुहूर्ताला अर्धा तास होता. सुंदररावांच्या बायकोनं खांब धरला. सुंदरराव जागचे हलेनात. मला त्यांचा रागही आला आणि रडूही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर तक्रार. लग्नाच्या हॉलवर पक्षाचा फ्लेक्स, तक्रारदार निनावी. अ‍ॅपवर तक्रार आली की निकाल लावायला पथकाला शंभर मिनिटं मिळतात. मी फोन सुंदररावांपुढे धरला.

सोबतचा फोटो वरच्या मजल्याच्या खिडकीतून काढलेला होता. कोपऱ्यात मेंदीचं एक बोट आलं होतं.

सुंदररावांनी तो कोपरा दोन बोटांनी मोठा करून बघितला. मग त्यांनी घड्याळ बघितलं, उपरण्यानं डोळे पुसले आणि व्याह्यांचा हात धरला.

"चला. शंभर मिनिटं आहेत आपल्याकडे. आधी अक्षता."